‘नाही’ म्हणणारा अत्तार

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेली एक मुलगी पुढे डी. फार्मसीला गेली. पहिल्या वर्षी तिची फार तारांबळ उडाली. दहावीपर्यंत उर्दू, मग अकरावी-बारावी सायन्स इंग्रजीतून, आणि आता ही जाडजूड पुस्तकं. शब्दांचे अर्थ विचारायला ती अधूनमधून घरी यायची. एकदा तिनं पुस्तकातला पहिला धडा उघडून माझ्यापुढे ठेवला. फार्मसीचा इतिहास अर्ध्या पानात संपवलेला होता. इजिप्त, ग्रीक हिप्पोक्रेटिस, रोमचा गॅलेन आणि पुढच्याच ओळीत इंग्लंड-अमेरिका. ती म्हणाली, “सर, मधली हजार वर्षं लोक आजारीच पडत नव्हते का?”

मी म्हटलं, वाचून सांगतो.

दुसरा प्रश्न दोन वर्षांनी आला, तिच्या निकालाच्या दिवशी. वडील पेढे घेऊन आले होते. चहा झाल्यावर त्यांनी हळूच विषय काढला. एका मेडिकल दुकानाच्या मालकाला तिचं सर्टिफिकेट हवं होतं. रोज जायची गरज नाही, भिंतीवर फक्त फ्रेम लावायची, महिन्याला ठरलेली रक्कम घरपोच. “सर, सगळेच करतात. मुलगी घरात राहील, पैसाही येईल. हे हलालच आहे ना?” मुलगी माझ्याकडे बघत होती. मी मुफ्ती नाही आणि फार्मासिस्टही नाही. त्या दिवशी मी काहीतरी गुळमुळीत बोललो. पण तिच्या पहिल्या प्रश्नासाठी जे वाचत होतो त्यातच या दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर पडलेलं होतं, हे मला नंतर उमगलं. म्हणून हा लेख.

सुरुवात एका गोष्टीनं करतो. तेराव्या शतकात इब्न अबी उसैबिया यानं वैद्य-हकिमांची चरित्रं लिहिली. त्यात ती येते. खलिफा मामूनच्या (कारकीर्द ८१३ ते ८३३) दरबारात कोणीतरी त्याला म्हणालं की किमयेची खरी अडचण औषधविक्रेते आहेत. त्यांच्याकडे काहीही मागा, असो वा नसो, ‘आहे’ म्हणतात आणि हाताला लागेल ते बांधून देतात. खात्री करून घ्यायची असेल तर अस्तित्वातच नसलेल्या औषधाचं नाव सांगून माणसं पाठवा. मग बगदादजवळच्या एका खेड्याचं नाव औषध म्हणून सांगितलं गेलं आणि माणसं दुकानोदुकान फिरली. एकानंही ‘माझ्याकडे नाही’ म्हटलं नाही. कुणी बिया दिल्या, कुणी दगडाचा तुकडा दिला, कुणी केस दिले. पैसे मात्र सगळ्यांनी घेतले.

पुढे मामूनचा भाऊ मुअतसिम खलिफा झाला. त्याचा सेनापती अफशीन बाबकच्या बंडाविरुद्ध मोहिमेवर असताना छावणीतल्या औषधवाल्यांना त्यानं हीच कसोटी लावली. आपल्या मुलुखातली, मध्य आशियातल्या उसरूशनाची वीसेक अनोळखी नावं निवडली आणि ती औषधं म्हणून मागवली. ज्यांनी ‘ही नावं आम्हाला माहीत नाहीत’ असं कबूल केलं त्यांना छावणीत राहण्याचे परवाने दिले. ज्यांनी पुड्या बांधून दिल्या त्यांना हाकलून लावलं.

परवान्याची ही पद्धत मला फार आवडली. ‘नाही’ म्हणता येतं का, एवढंच तिथे तपासलं गेलं.

आता डी. फार्मसीचा अभ्यासक्रम बघा. २०२० च्या नियमावलीप्रमाणे पहिल्या वर्षाला फार्मास्युटिक्स, औषध-रसायनशास्त्र, फार्माकॉग्नॉसी, शरीररचना आणि सोशल फार्मसी. दुसऱ्या वर्षाला फार्माकॉलॉजी, कम्युनिटी फार्मसी, फार्माकोथेरप्युटिक्स, हॉस्पिटल फार्मसी, कायदा आणि नीतिशास्त्र वगैरे. मुलं हे विषय सुटे सुटे पाठ करतात. मला तर त्यातले बरेचसे विषय मामूनच्या त्या एका गोष्टीतूनच फुटल्यासारखे वाटतात. पुडीत आहे ते नक्की काय आहे? किती द्यायचं? खरंच लागू पडतं का? आणि फसवलं तर विचारणार कोण?

पहिला प्रश्न फार्माकॉग्नॉसीचा, म्हणजे औषधी द्रव्य ओळखण्याचा. नवव्या शतकात बगदादमध्ये ग्रीक वैद्य डायस्कोरिडीसच्या वनौषधींवरच्या ग्रंथाचा अरबी अनुवाद झाला. अनुवाद इस्तिफान बिन बासील याचा, तपासणी हुनैन बिन इसहाकची. दोघंही ख्रिश्चन. अडचण अशी की कित्येक वनस्पतींना अरबीत नावच सापडेना. तेव्हा त्यांनी अंदाजानं एखादं नाव चिकटवलं नाही. ग्रीक नाव तसंच अरबी अक्षरांत लिहून ठेवलं, पुढे कुणाला सापडेल या आशेवर. शंभरेक वर्षांनी ते सापडलं, पण तिकडे दूर स्पेनमध्ये. बायझंटाईन सम्राटानं कुर्तुबाच्या अब्दुर्रहमान तिसऱ्याला याच ग्रंथाची सचित्र ग्रीक प्रत भेट पाठवली. तिथे ग्रीक कुणाला येत नव्हतं. ९५१ मध्ये निकोलस नावाचा साधू आला. मग हसदाई बिन शप्रूत हा यहुदी मंत्री, हा ख्रिश्चन साधू आणि कुर्तुबाचे मुस्लिम तबीब यांनी एकत्र बसून एकेक झाड ओळखून काढलं. हे सगळं इब्न जुलजुल या तिथल्याच वैद्यानं लिहून ठेवलं आहे. डायस्कोरिडीसला माहीत नसलेल्या औषधांवर त्यानं स्वतंत्र पुस्तिकाही लिहिली.

पण या विषयातला माझा लाडका माणूस अल-बिरूनी. आपल्याकडे तो ‘किताबुल हिंद’मुळे माहीत आहे. महमूद गझनवीच्या काळात इथे येऊन संस्कृत शिकलेला, हिंदूंच्या ज्ञानाबद्दल आदरानं आणि रोखठोक लिहिणारा. आयुष्याच्या अखेरीस, वय ८० च्या पुढे गेलेलं असताना, त्यानं औषधांवर ग्रंथ लिहायला घेतला, ‘किताबुस सैदना’. मदतीला नहशई नावाचा एक तबीब होता. सैदना म्हणजे आजची फार्मसी. हा शब्द आला कुठून, हे सांगताना बिरूनी आपल्या अंगणात येतो. त्याचं म्हणणं असं की औषधविक्रेत्याला अरबीत ‘सैदनानी’ म्हणतात तो मूळचा ‘चंदनानी’, चंदन विकणारा. अरबीत ‘च’ नाही, त्याची जागा ‘स्वाद’ अक्षर घेतं. चीनचं जसं ‘सीन’ झालं तसं चंदनाचं ‘संदल’. व्युत्पत्ती बरोबर की चूक हा भाषातज्ज्ञांचा वाद आहे. पण बगदादच्या औषधवाल्याच्या नावात चंदनाचा गंध शोधणारा माणूस गझनीत बसला होता, एवढं तरी आपल्या मुलांना माहीत असावं. या ग्रंथाचा फारसी अनुवादही हिंदुस्थानातच झाला, सुलतान अल्तमशच्या काळात, अबू बक्र कासानीच्या हातून.

प्रस्तावनेत बिरूनी लहानपणाची आठवण सांगतो. ख्वारिज्ममध्ये त्यांच्या गावाकडे एक रूमी, म्हणजे ग्रीक माणूस येऊन राहिला. हा पोरगा त्याच्याकडे धान्य, बिया, फळं, पाला घेऊन जायचा, ‘तुमच्या भाषेत याला काय म्हणतात’ विचारायचा आणि लिहून ठेवायचा. त्या सवयीतून ग्रंथ झाला. एकेका औषधाची अरबी, ग्रीक, सिरियाक, फारसी, हिंदी नावं त्यात आहेत. कारण व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर माल येतो तेव्हा नाव बदलत येतं, आणि नाव बदललं की पुडीतला माल बदलायला वेळ लागत नाही.

याच प्रस्तावनेत त्यानं अरबी लिपीची तक्रार केली आहे. ती वाचताना मला हसू आलं, कारण सातवीच्या वर्गात हेच दुखणं मी रोज बघतो. बे, पे, ते, से यांचा आकार एकच, फरक फक्त नुक्त्यांचा. ‘ख़ुदा’ आणि ‘जुदा’ यांत नुक्ता वर की खाली एवढंच अंतर. बिरूनी म्हणतो, नक्कल करणारा नुक्ते देण्यात आळस करतो आणि औषधाचं नावच बिघडतं. ग्रीक नावं तर कुणाला तोंडी पाठ नसतात, मग चूक लक्षात येणार कशी? निबंधात नुक्ता चुकला तर मी अर्धा गुण कापतो. औषधाच्या यादीत चुकला तर काय कापलं जाईल, याचा विचार त्यानं हजार वर्षांपूर्वी केला होता. आज फार्मसीच्या मुलांना हेच ‘सारखी दिसणारी, सारखी ऐकू येणारी औषधं’ या नावानं शिकवतात. अमेरिकेत आम्लपित्तावरचं ‘लोसेक’ आणि लघवी वाढवणारं ‘लॅसिक्स’ यांची डॉक्टरांच्या अक्षरात गल्लत होऊ लागली, तेव्हा कंपनीला १९९० मध्ये औषधाचं नाव बदलून ‘प्रिलोसेक’ करावं लागलं. दुखणं बिरूनीचंच, लिपी तेवढी रोमन.

फार्मास्युटिक्स म्हणजे औषधाला रूप देणं. गोळी, सरबत, मलम, चूर्ण. यातले अरबी-फारसी शब्द तर आपल्या घरात लोळत पडले आहेत. मलम हा ‘मरहम’. अर्क अरबी. माजून म्हणजे कणकेसारखं मळलेलं. आजीच्या बरणीतला मुरंबा हाही अरबी ‘मुरब्बा’च, आणि तो हकिमांच्या औषधाच्या पुस्तकात असतो. इंग्रजीतलं ‘सिरप’ अरबी ‘शराब’पासून आलं, अर्थ फक्त ‘पेय’. सगळ्यात गंमत जुलाबाची. मूळ फारसी ‘गुलाब’, गुलाबपाणी. अरबीत ते ‘जुल्लाब’ झालं, एक गोड सरबत. इंग्रजीत ‘जूलेप’ होऊन पेल्यात गेलं आणि मराठीत येता येता त्याचं जे काही झालं ते वाचकांना सांगायला नको.

साबूर बिन सहल (निधन ८६९) या जुंदीशापूरच्या ख्रिश्चन हकिमानं तयार औषधांच्या कृतींचं पुस्तक लिहिलं, ‘अक्राबाजीन’. कृती औषधाच्या रूपाप्रमाणे लावलेल्या: वड्या, चाटणं, सरबतं, तेलं, मलमं. आजचं फार्मास्युटिक्सचं पुस्तक उघडा, अनुक्रमणिका साधारण अशीच चालते. शब्द मूळ ग्रीक, सिरियाकमार्गे अरबीत आलेला. उर्दूत तो ‘कराबादीन’ म्हणून आजही जिवंत आहे. युनानी दवाखान्यात जुन्या हकिमांच्या कपाटात ‘कराबादीन-ए-आजम’ किंवा ‘कराबादीन-ए-कादरी’ दिसली तर समजा की साबूरची परंपरा धूळ खात का होईना, उभी आहे.

किती द्यायचं याचं गणित अल-किंदीनं मांडलं. औषधाच्या उष्णता-शीततेच्या पायऱ्या गॅलेननं सांगितल्या होत्या. अनेक द्रव्यं एकत्र केल्यावर पायरी कुठली येते, हे मोजायला त्यानं दुपटीचा नियम लावला. पहिली पायरी म्हणजे दुप्पट, दुसरी चौपट, तिसरी आठपट, चौथी सोळापट. आजच्या विज्ञानाच्या कसोटीवर ते टिकत नाही. उष्ण-शीत मोजणारं यंत्र तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही. पण मात्रा चिमटीवर न सोडता आकड्यात बांधायची, ही धडपड त्यात होती.

आता दुकानात येऊ. आपल्याकडे अत्तार आडनाव गावोगाव आहे. मराठीत अत्तार म्हणजे अत्तर विकणारा, जत्रेत सुरमा, काजळ, बुक्का घेऊन बसणारा. अरबीत अत्तार सुगंधाबरोबर औषधंही विकायचा. फारसीचे मोठे सूफी कवी फरीदुद्दीन अत्तार यांचं नाव याच धंद्यावरून पडलं. कैरोमध्ये कोहीन अल-अत्तार नावाचा एक यहुदी औषधवाला होता. १२६० च्या सुमारास त्यानं आपल्या मुलासाठी पुस्तक लिहिलं, ‘मिन्हाजुद दुकान’, दुकान चालवण्याचा मार्ग. बादशहाला अर्पण केलेला हा ग्रंथ नव्हे, बापानं गल्ल्यावर बसणाऱ्या पोरासाठी लिहिलेलं आहे. त्यात सरबतं, माजून, गोळ्या तर आहेतच, शिवाय वजनमापं आहेत, कुठलं द्रव्य केव्हा गोळा करायचं, किती दिवस टिकतं, कशात ठेवायचं, अस्सल-नक्कल कशी ओळखायची, हेही आहे. आणि सुरुवातीला, कृतींच्याही आधी, औषधवाल्यानं कसं वागावं ते सांगितलं आहे. हाव धरू नये, भांडी स्वच्छ ठेवावीत, जुना झालेला माल वेळच्या वेळी काढून टाकावा, असा त्याचा आशय. एक्स्पायरीची तारीख छापायची सोय नसलेल्या काळात ती तारीख दुकानदाराच्या मनात छापलेली असावी लागे.

औषध खरंच लागू पडतं का, या प्रश्नावर इब्न सीनाचं नाव सगळे घेतात. ‘अल-कानून’च्या पाच भागांपैकी दुसरा भाग सुट्या औषधांवर आणि पाचवा मिश्र औषधांवर. दुसऱ्या भागात औषध पारखण्याच्या सात अटी आहेत. औषधात बाहेरून आलेला गुण नसावा, गुंतागुंत नसलेल्या आजारावर आधी वापरून बघावं, गुण यायला किती वेळ लागला ते पाहावं, परिणाम नेहमी किंवा बहुतेक वेळा सारखाच येतो का ते बघावं, नाहीतर तो योगायोग समजावा. आणि प्रयोग माणसाच्या शरीरावर झालेला असावा, कारण जनावराचं शरीर वेगळं. त्याच्या आधी राझीनं पारा किती घातक आहे हे आपल्या माकडाला पाजून पाहिलं होतं. माकड दात खाऊ लागलं, पोट धरून बसलं. फार्माकॉलॉजीच्या प्रयोगवहीत आजही असंच लिहितात: काय दिलं, काय दिसलं.

फसवलं तर विचारणार कोण? विचारणारा होता मुहतसिब, बाजाराचा निरीक्षक. धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल बाहेर काढल्याची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. हिस्बाची पद्धत त्याच जातकुळीची. बाराव्या शतकात सीरियामध्ये शैझरी यानं मुहतसिबांसाठी एक मार्गदर्शिका लिहिली. त्यात औषधवाल्यांचं प्रकरण आहे आणि ते चक्क भेसळ ओळखण्याच्या युक्त्यांनी भरलेलं आहे. अफूत पिवळ्या पॉपीचा रस मिसळतात. पाण्यात विरघळवली आणि केशरासारखा वास आला तर ही भेसळ समजा. कडवट, पण रंगानं स्वच्छ आणि गुणानं हलकी असेल तर डिंक मिसळलाय. औषधं इतकी असंख्य की सगळ्यांवर नजर ठेवणं अवघड, हेही तो मान्य करतो. म्हणून औषधवाल्यांना समज द्यावी, शिक्षेचा धाक दाखवावा आणि त्यांचा माल दर आठवड्याला तपासावा, असं सांगतो. दर आठवड्याला! आमच्या कसब्यात ड्रग इन्स्पेक्टर किती दिवसांनी फिरकतो हे ज्यांना माहीत आहे त्यांनी इथे थोडं थांबून घ्यावं.

हे सगळं वाचून ‘फार्मसीचा शोध मुसलमानांनी लावला’ असा फॉरवर्ड कुणी करणार असेल तर कृपा करून करू नका. चरक-सुश्रुत आधीचे, ग्रीक आधीचे, इजिप्त त्याच्याही आधीचं. सुश्रुताचा अनुवाद बगदादमध्ये बरमकी वजीर याह्या बिन खालिद यानं मनका नावाच्या हिंदुस्थानी वैद्याकडून करून घेतला होता. वर आलेली नावंच मोजा. साबूर, हुनैन ख्रिश्चन. हसदाई, कोहीन यहुदी. ९३१ मध्ये बगदादच्या आठशेहून जास्त तबिबांची परीक्षा घेणारा सिनान बिन साबित ग्रहपूजक साबियन घराण्यातला. मग यात आपलं काय? आपली होती ती भाषा, ज्यात हे सगळे लिहीत होते. आणि ते बाजार, जिथे ‘तुझा धर्म कुठला’ याच्या आधी ‘तुझ्या पुडीत काय’ असं विचारलं जात होतं. अभिमान बाळगायचाच तर याचा बाळगावा. तो बाळगणं सोपं नाही, कारण मग आपल्या मोहल्ल्यातल्या पुडीकडेही बघावं लागतं.

या परंपरेचा एक धागा आपल्या मातीतूनही जातो. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. घराणं मूळचं यहुदी, सक्तीनं ख्रिश्चन झालेलं. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा तो वैद्य आणि स्नेही होता. नगरच्या दरबारातल्या हकिमांशी त्याच्या चर्चा चालत. १५६३ मध्ये त्यानं गोव्यात हिंदुस्थानी औषधांवर संवादरूपी ग्रंथ छापला. एकेका द्रव्याची अरबी, दखनी, गुजराती, मलबारी नावं तो देतो, अगदी बिरूनीसारखी. डायस्कोरिडीस चुकला असेल तर चुकला म्हणतो, कारण झाड त्यानं स्वतः पाहिलेलं आहे. चारच वर्षांत ग्रंथाचा संक्षेप लॅटिनमध्ये निघून युरोपभर गेला. ऑर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्या वर्षी गोव्याच्या इन्क्विझिशननं त्याच्या बहिणीला जाळलं आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली. निजामशहाच्या नगरात त्याला जे सुख मिळालं ते स्वतःच्या लोकांत मिळालं नाही.

इंग्रजी अमलात आपल्या बाजारात पुन्हा मामूनचाच काळ आला. बाहेरून येणारी औषधं भरमसाट, त्यात मलेरियावरच्या क्विनीनसारखी जीव वाचवणारी औषधंही निकृष्ट निघत. ओरड झाल्यावर १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांची समिती नेमली गेली, पुढच्या वर्षी अहवाल आला. औषधावर कायदा हवा आणि औषध देणारा माणूस शिकलेला हवा, हा त्याचा गाभा. १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांनी हा विषय शिकवायला सुरुवात केली. १९४० मध्ये औषध कायदा आला, १९४८ मध्ये फार्मसी कायदा. त्याच्या ४२ व्या कलमाप्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध तयार करून द्यायचं ते नोंदणीकृत फार्मासिस्टनंच.

त्याच सुमाराला दिल्लीत एक वेगळी गोष्ट घडत होती. हकीम अजमल खान यांच्या तिब्बिया कॉलेजचं उद्घाटन १९२१ मध्ये गांधीजींच्या हस्ते झालं. हकीमसाहेबांना युनानी औषधं आधुनिक रसायनशास्त्राच्या कसोटीला लावायची होती. त्यासाठी त्यांनी सलीमुज्जमान सिद्दीकी या तरुणाला हेरलं. त्यानं जर्मनीत फ्रँकफर्टला डॉक्टरेट मिळवली. १९२७ च्या अखेरीस हकीमसाहेब वारले. सिद्दीकींनी काम सोडलं नाही. हकीम ज्या बुटीला असरोल म्हणतात आणि आपण सर्पगंधा म्हणतो, तिच्या मुळातून त्यांनी १९३१ मध्ये अल्कलॉइड वेगळी केली. त्यातल्या एकाला नाव दिलं ‘अजमलिन’. हृदयाच्या ठोक्यांचा एक दुर्मीळ बिघाड शोधण्यासाठी आजही ते अनेक देशांत वापरलं जातं. पुढे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा रक्तदाबावर रुग्णांना देऊन पाहिली आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले, तेव्हा कुठे पश्चिमेकडच्या डॉक्टरांचं लक्ष या मुळीकडे गेलं. आमच्या मुलीच्या फार्माकॉग्नॉसीच्या पुस्तकात सर्पगंधेवर सबंध भाग आहे. अजमलिन हा शब्दही आहे. अजमल खान नाहीत. मी तिला पेन्सिलनं समासात लिहून दिलं.

आता त्या फ्रेमचा प्रश्न. तिच्या वडिलांना मी नंतर जाऊन भेटलो. फतवा दिला नाही, मामूनची गोष्ट सांगितली. ते हसले, विशेषतः केस बांधून देणाऱ्यावर. मग मी विचारलं, “भाई, भिंतीवर नाव तुमच्या मुलीचं आणि गल्ल्यावर आठवी नापास पोरगा. उद्या कुणी ‘लोसेक’ मागितलं आणि त्यानं ‘लॅसिक्स’ दिलं, तर पुडी कुणी बांधली म्हणायचं?” ते बराच वेळ गप्प बसले. नंतर म्हणाले, “पण सर, ती रक्कम घरबसल्या होती. दुकानात उभं राहून तेवढी मिळेल का?”

हा प्रश्न खोटा नाही. आमच्याकडे मुलीला संध्याकाळी दुकानात उभं करणं म्हणजे नातेवाइकांची बोलणी, येण्या-जाण्याची सोय, बाथरूम नसलेलं दुकान. लहान गावात फार्मासिस्टला मिळणारा पगारही फार नसतो. फ्रेमचा धंदा चालतो तो काही फक्त लबाडीवर चालत नाही. मी त्यांना एवढंच म्हणालो की दोन वर्षांची फी तुम्ही फ्रेमसाठी भरली नव्हती.

पुढचं आई आणि मुलीनं मिळून ठरवलं. ती आता आमच्याच कसब्यात, दवाखान्याला लागून असलेल्या एका दुकानात दिवसपाळीला जाते. पगार फ्रेमच्या रकमेपेक्षा थोडा जास्त, पण त्यासाठी आठ तास उभं राहावं लागतं. परवा मी खोकल्याचं औषध आणायला गेलो होतो. माझ्या पुढे एक म्हातारे चाचा होते. हातात गोळ्यांच्या पाकिटाचा फाटका तुकडा, नावाची निम्मी अक्षरं गेलेली. “बेटी, हेच दे.” तिनं तो तुकडा उजेडात धरून पाहिला, उलटा करून पाहिला, कपाटातली दोन पाकिटं काढून शेजारी ठेवली, आणि परत ठेवून दिली.

“चाचा, हे कुठलं आहे ते मला कळत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन या.”

चाचा चिडले. मागच्या दुकानात तर लगेच देतात म्हणाले, आणि तो तुकडा खिशात घालून रस्ता ओलांडून गेले.

“सर, गिऱ्हाईक गेलं,” ती म्हणाली, आणि माझं औषध काढायला वळली.